दिवा कुणासाठी?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या लातूरच्या घरी आई कणकेचा दिवा करी, त्यात तेल-वात घाली आणि दक्षिणेकडे तोंड करून तो उंबऱ्याबाहेर ठेवी. एरवी दक्षिणेला तोंड करून काहीही ठेवलेले तिला खपत नसे. "हा कुणासाठी?" असे मी लहानपणी विचारले की ती म्हणे, "यमासाठी. त्याला आपले घर सापडावे म्हणून नव्हे, त्याने पुढे जावे म्हणून!" यमाला दिवा दाखवून त्याची वाट कशी चुकवता येते, हे कोडे मला तेव्हा उलगडले नाही, आजही पुरते उलगडले आहे असे म्हणवत नाही. पण या कोड्याची आठवण पुढे मला नांदेडला, एका शीख कुटुंबात, फार वेगळ्या रीतीने झाली. वाचकांना सणाच्या दिवसांत मरणाची गोष्ट सांगतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण आपल्या दिवाळीची सुरुवातच यमाच्या दिव्याने होते, तेव्हा विषय अगदीच अस्थानी आहे असे नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी पुष्कळ वर्षे नांदेडला होतो. मराठी शिकवीत असे. बिऱ्हाड गुरुद्वाऱ्याच्या बाजूला होते आणि शेजारी एक वृद्ध शीख गृहस्थ राहत. सारी गल्ली त्यांना ग्यानीजी म्हणे, मीही तेच म्हणत असे. ते मला मास्तरजी म्हणत. 'गुरुजी' हा शब्द त्यांच्या घरात फार वरच्या फळीवर ठेवलेला होता. शाळामास्तरासाठी तो खाली काढला जात नसे. त्यांचे मराठी माझ्याइतकेच मराठवाडी होते, आणि ग्रंथसाहिबाची पाने त्यांना आपल्या तळहातासारखी ओळखीची होती.

अखेरच्या दुखण्यात एका दुपारी ते मला म्हणाले, "मास्तरजी, तुमचे नामदेव मेल्यानंतरचे काय सांगतात?" मी गाथ्यातले आठवेल ते काहीबाही सांगू लागलो. ते हसले. म्हणाले, "ते पंढरीचे झाले. ग्रंथसाहिबातले नामदेव काय सांगतात?" मी गप्प बसलो. मराठीचा मास्तर आणि मराठीच्या आद्य कवींपैकी एकाबद्दल मला एक शीख विचारतो, आणि मजपाशी उत्तर नाही! "बघून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. मला बघून होण्याच्या आत ग्यानीजी गेले. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. उशिरा दिलेले, पण दिलेले.

ते गेले त्या रात्री त्यांच्या घरात एक वाद झाला. त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना माताजी म्हणत असू, उशाशी दिवा लावला. धाकटा मुलगा पंजाबात शिकून आलेला. त्याने हलक्या आवाजात सांगितले, की असा दिवा पंथाच्या मर्यादेत बसत नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये जी 'सिख रहित मर्यादा' संमत केली, तिच्यात मृतासाठी दिवा, पिंड, क्रिया, श्राद्ध यांना स्पष्ट नकार आहे. थोरला मुलगा ट्रकांच्या धंद्यातला, नांदेडबाहेर शिकायला न गेलेला. तो म्हणाला, "बापूजींना वाट दिसायला नको का?" धाकटा म्हणाला, "कुठली वाट? ज्योत ज्योतीत मिळाली. तिला वाट कशाला?" धाकट्याने दिवा उचलून कोनाड्यात ठेवला आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

मरणानंतर जीव कुठे जातो, की जातच नाही, हा या दोन भावांचा वाद साऱ्या शीख समाजाचाही आहे. फेरा, चौऱ्यायशी लक्ष योनी, यमाचा दरबार हे सारे आहे तसेच मानणारे शीख आहेत. जन्म-मरणाचा फेरा म्हणजे मनाचेच दिवसातून शंभरदा मरणे आणि जन्मणे, असा अर्थ लावणारे शीख आहेत. आणि नाम घ्यावे, कष्ट करावेत, बाकीचे त्याच्या हुकमावर सोडावे, असे म्हणून हा प्रश्नच बाजूला सारणारे तर सर्वांत जास्त आहेत. मजा अशी, की तिघेही एकाच ग्रंथाचा आधार घेतात आणि तिघांनाही तो मिळतो. म्हणून मला वाटते, हा वाद मुळात वाचण्याचा आहे. वाचण्याचा वाद म्हटला, की आम्हा मराठीच्या मास्तरांना त्यात दोन शब्द बोलण्याचा अधिकार पोचतो.

आधी आपल्याच माणसांपासून सुरुवात करू. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यात त्रिलोचन नावाच्या भक्ताचीही चार पदे आहेत आणि परंपरा त्याला सोलापूरकडच्या बार्शीचा मानते, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. हे दोघे मित्र होते, अशी ग्रंथाचीच साक्ष आहे. कबीराच्या श्लोकांत त्रिलोचन नामदेवाला दटावतो, की तू हा कापड छापण्याचा उद्योग काय घेऊन बसला आहेस? नामदेव उत्तर देतो, की हातपाय कामात आहेत, चित्त रामापाशी आहे. आपल्याकडचा शिंपी पंजाबात छिंपी झाला तो असा.

आता या दोन मित्रांची मरणाबद्दलची दोन पदे शेजारी शेजारी ठेवून पाहा. त्रिलोचनाचे गुजरी रागातले पद म्हणजे आपल्या 'अंते मतिः सा गतिः' या वचनाचा विस्तार आहे. अंतकाळी ज्याच्या मनात लक्ष्मी, तो सापाच्या जन्माला जाईल. ज्याच्या मनात स्त्री, तो वेश्येच्या. ज्याच्या मनात लेकरे, तो डुकराच्या. ज्याच्या मनात घर-वाडा, तो भूत होऊन भटकेल. आणि ज्याच्या मनात नारायण, तो सुटेल. पुनर्जन्म शब्दशः मानणारे शीख याच पदावर बोट ठेवतात. याहून स्पष्ट आणखी काय सांगायला हवे, असे ते विचारतात.

नामदेवांचे पद मल्हार रागातले आहे. शूद्र म्हणून मारून देवळातून हाकलल्याचा प्रसंग त्यात आहे. देऊळ फिरल्याची ही कथा आपण औंढ्या नागनाथाला सांगतो. तेथे नामदेव आपल्या बापाला, विठ्ठलाला, विचारतात, की मी मेल्यावर तू मला मुक्ती दिलीस तर ती कुणाला कळणार? परलोकाची भाषा रूपक मानणारे शीख हे पद पुढे करतात. मुक्ती येथे, जिवंतपणी, चारचौघांत मिळायची असते, असे ते सांगतात.

म्हणजे नांदेडच्या त्या घरात ज्या दोन बाजू भांडत होत्या, त्या सातशे वर्षांपूर्वी दोन मराठी मित्रांनी मांडून ठेवल्या होत्या! निदान वरवर पाहता तसे दिसते. पण पदे नुसती पुरावा म्हणून न वाचता पदे म्हणून वाचली, की चित्र बदलते. त्रिलोचनाने निवडलेले जन्म पाहा. पुरलेल्या धनावर नाग बसतो, ही समजूत मराठवाड्यातल्या प्रत्येक पडक्या वाड्याला चिकटलेली आहे. डुकरीच्या मागे पिलांचा लटांबळा असतो. घर सोडवत नाही तो घराभोवतीच घुटमळतो. या शिक्षा बाहेरून लादलेल्या नाहीत. आत्ता जगतो आहोत त्याच जगण्याचे हे थोडे फुगवून काढलेले चित्र आहे. तिजोरीवर बसलेला माणूस मेल्यावर साप होईल की नाही, हे त्रिलोचन जाणे. पण तो आजच साप झाला आहे, हे वाचणाऱ्याला कळल्यावाचून राहत नाही. ज्या पदाला परलोकाचा नकाशा समजतात, त्याचे अर्धे लक्ष इहलोकावर आहे.

उलट, नामदेव परलोक नाकारतात असेही नाही. मुक्ती देणारा कुणी आहे, तो बाप आहे, आणि त्याला जाब विचारता येतो, हे सारे ते गृहीत धरतात. त्यांची तक्रार वेळेबद्दल आहे. मला मारले ते आज, सर्वांच्या देखत. मग माझी लाजही आजच, सर्वांच्या देखत राखायला हवी. मेल्यावरच्या मुक्तीने हाकलणाऱ्यांना काय कळणार? हा तत्त्वज्ञाचा सिद्धान्त नव्हे, अपमान झालेल्या माणसाची मागणी आहे. परलोकाचा प्रश्न पुष्कळदा इहलोकातल्या मानाचा प्रश्न असतो, हे मला या पदाने शिकवले.

ग्रंथात आणखीही आवाज आहेत. शेख फरीद बोलतात ते मुसलमानी भाषेत. मृत्यूचा फिरस्ता येतो, जीव नववधूसारखा निघतो, वाटेत केसाहून बारीक पूल लागतो. कबीर तर विचारतात, की सगळे वैकुंठाला जायचे म्हणतात, पण ते आहे कुठे? संतांची संगत हेच वैकुंठ, असे त्यांचे उत्तर. जिवंत वडिलांना पुसायचे नाही आणि मेल्यावर श्राद्ध घालून कावळ्या-कुत्र्यांना जेवू घालायचे, यावरचा त्यांचा टोला तर आपल्या घरोघरी लागू पडेल. फेरा मानणारा, कबर मानणारा आणि दोहोंना हसणारा, असे तिघे एका रुमालात बांधले आहेत. संपादकाने हे न कळून केले असे कोण म्हणेल?

खुद्द नानकदेवांच्या 'जपुजी'त तर एकेक शब्द दोन्हीकडे तोंड करून उभा आहे. यावर विनोबांनीही विवरण केले आहे, तेव्हा मराठी वाचकाला हे नाव नवे नाही. 'करम' हाच शब्द घ्या. संस्कृताकडून आलात तर तो कर्म. अरबीकडून आलात तर कृपा. निजामी राज्यात वाढलेल्या आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. "आप का करम है" हे वाक्य आम्ही बाजारात ऐकत आलो. जपुजीत म्हटले आहे, की करमाने वस्त्र मिळते आणि मोक्षाचे दार मात्र त्याच्या नजरेने उघडते. आता वस्त्र म्हणजे देह आणि करम म्हणजे कर्म मानले, तर पुनर्जन्म आला. वस्त्र म्हणजे मानाचे वस्त्र आणि करम म्हणजे कृपा मानले, तर तो गेला. पुढे धर्म, ज्ञान, सरम, करम आणि सच असे पाच खंड येतात, त्यातल्या चौथ्या खंडाच्या नावावरूनही विद्वानांचे एकमत नाही. मला वाटते, कवीला दोन्ही अर्थ ऐकू येत होते. पेरले ते उगवते हे खरे आणि मागितल्यावाचून मिळते हेही खरे, अशा दोन्ही अनुभवांना पुरेल एवढा एकच शब्द त्या भाषेत तयार होता. तो त्याने उचलला.

पाचवा खंड सचखंड. निराकार जेथे राहतो तो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे नाव हेच आहे, आणि येथे वादाला जागेचे रूप येते. सचखंड म्हणजे मेल्यावर पोचायचे ठिकाण, की मनाची अवस्था, की गोदावरीच्या काठावरची ही वास्तू? आमच्याकडे गंमतीने म्हणतात, की नांदेडला सचखंडाचे तिकीट खिडकीवर मिळते, आणि सचखंड एक्सप्रेस अमृतसरला जाऊन परतही येते! पण थट्टेखाली एक गंभीर गोष्ट आहे. १७०८ मध्ये, दिवाळी सरते न सरते तोच, कार्तिक शुद्ध पंचमीला गुरू गोविंदसिंह येथे गेले. जाण्यापूर्वी त्यांनी गुरुपद ग्रंथाला दिले. त्यांच्या चितेची जागा, अंगीठा साहिब, हाच आजच्या वास्तूचा गाभा आहे. महाराजा रणजितसिंहांच्या आश्रयाने ती १८३२ ते १८३७ या काळात बांधली गेली. गुरू येथे 'हुजूर' आहेत, म्हणजे समोर आहेत, अशा भावनेने तेथील सारी सेवा चालते. रोज गोदावरीचे पाणी येते, संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते, दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते, शस्त्रे उजळली जातात. दशम ग्रंथाचाही येथे प्रकाश होतो. गुरूंनी पूर्वजन्मी हेमकुंटावर तप केल्याची हकीकत त्याच ग्रंथातल्या 'बचित्तर नाटका'त आहे. अमृतसरची मर्यादा आणि हुजूरसाहिबची जुनी मर्यादा यांत अंतर आहे ते असे. नामधारी शिखांची श्रद्धा तर याहून निराळी. त्यांच्या मते गुरू नांदेडला गेलेच नाहीत. अजापालसिंह या नावाने ते १८१२ पर्यंत राहिले आणि गुरुपद बालकसिंहांकडे सोपवून गेले. म्हणजे ज्या जागी मरणाची खूण आहे, तेथे मरण झाले की नाही, यावरही दुमत आहे!

आरतीचे पद तरी काय सांगते? आकाशाचे ताट, सूर्य-चंद्राचे दिवे, तारकांचे मोती. अशी आरती आपोआप चालली असताना आणखी कोणती करायची, असा नानकदेवांचा भाव आहे. हे पद पंजाबात बहुतेक ठिकाणी दिव्यावाचून गातात. नांदेडला दिवे लावून गातात. तेच पद सोहिल्यात आहे, आणि सोहिला रोज रात्री झोपताना आणि स्मशानात चिता पेटल्यावरही म्हणतात. एकाच कवितेचे हे दोन प्रयोग आहेत. सुधारक विचारतो, की सूर्य-चंद्र दिवे आहेत असे म्हणताना हातात निरांजन कशाला? जुन्या वळणाचा माणूस विचारतो, की निरांजन कधी हाती धरलेच नाही, त्याला सूर्याचे निरांजन कसे दिसणार?

या प्रश्नाची खरी कसोटी 'रामकली सद' या रचनेत लागते. तिसरे गुरू अमरदास १५७४ मध्ये गेले, त्या वेळची त्यांची निरवानिरव त्यांच्या पणतूने, बाबा सुंदरांनी, सहा कडव्यांत सांगितली आहे. मृत्यूनंतरच्या पाठाची समाप्ती होते तेव्हा ही सद वाचतात. तिच्या पाचव्या कडव्यात आपल्या दोन भावांचा दिवा आहे! गुरू सांगतात, की माझ्यामागे कीर्तन करा, केसो गोपाळाच्या पंडितांना बोलवा, हरीची कथा वाचा. मग पिंड, पत्रावळ, क्रिया, दिवा, अस्थी अशी यादी येते आणि ही सारी हरीच्या सरोवरात, असे म्हटले आहे. जुन्या परंपरेतील टीकाकार केसो गोपाळ हे पंडिताचे नाव मानतात आणि ही क्रिया झाली, असे वाचतात. पंजाबी व्याकरणाचे मोठे अभ्यासक प्रा. साहिबसिंह, ज्यांचे दहा भागांचे 'दर्पण' १९६२ ते १९६४ मध्ये निघाले, ते उलट वाचतात. केसो गोपाळ हा ईश्वर, त्याचे पंडित म्हणजे सत्संगी, आणि ही सारी क्रिया गुरूंनी सत्संगाच्या सरोवरात सोडून दिली, म्हणजे टाकली.

कोण बरोबर? कडव्याची चाल धाकट्याच्या बाजूची आहे, असे माझे मत आहे. ज्याची सुरुवात 'केवळ कीर्तन करा' अशी होते, त्याचा शेवट पिंडदानाच्या विधीने होईल हे पटत नाही. पण थोरल्याच्या बाजूनेही एक गोष्ट उरते, आणि ती सुधारकांच्या नजरेतून निसटते. सोडून द्यायच्या वस्तूंची नावे कवीला एकेक करून घ्यावीशी वाटली. नानकदेवांचे एक पद आहे. त्यात नाम हाच माझा दिवा आणि दुःख हेच त्यातले तेल, असे ते म्हणतात. ज्याने मेलेल्या माणसापाशी बसून खरा दिवा जळताना पाहिला आहे, त्यालाच तेल कमी होताना दुःख कमी होणे म्हणजे काय ते कळेल. रूपकाला आधी वस्तू लागते. दिवा पुसून टाकला तर पद कोरडे पडते. आणि नुसता दिवाच लावत राहिले तर पद लिहिण्याचे कारणच उरत नाही. थोरला वस्तू धरून बसला होता, धाकटा अर्थ. बाबा सुंदरांनी दोन्ही एका ओळीत ठेवले होते.

हे सारे पोथीतले झाले. पोथीबाहेरचा एक माणूस मला लातूरला भेटला, त्याचे म्हणणे नोंदवल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. गंजगोलाईच्या कडेला एक शिकलकरी बसे. हे शिकलकरीही शीखच. गुरूंच्या फौजेची शस्त्रे घडवणारे, उजळणारे आपले पूर्वज, असे ते सांगतात. आता विळ्या, कात्र्या, सुऱ्यांना धार लावून पोट भरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती बोळवून गावे नुकती झोपली होती. हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर काही दिवसांनी मी त्याच्यापाशी थांबलो असता शेजारचा एक दुकानदार म्हणाला, "गेल्या जन्मीचं पाप, दुसरं काय!" शिकलकऱ्याने चाक थांबवले. म्हणाला, "पाळण्यातल्या लेकराचं कोणतं पाप, शेटजी? अन् सगळ्या गावानं एकदाच केलं का? हुकूम होता, एवढंच म्हणा." मी विचारले, "मग हुकूम देणारा दयाळू कसा म्हणायचा?" तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ते मला कळत नाही, मास्तर. त्या दिवसांत कुदळींना टोकं काढून द्यायला माणूस पाहिजे होता. मी दिली. पैसे नाही घेतले." आणि चाक पुन्हा फिरू लागले.

कर्माचा सिद्धान्त दुःखाचा हिशेब जुळवतो, पण मेलेल्यालाच गुन्हेगार ठरवतो. हुकमाचा सिद्धान्त मेलेल्याला सोडवतो, पण देवाला अडचणीत आणतो. जपुजीत दोन्ही आहेत, आणि त्यांतून सुटण्याचे सोपे दार तेथे ठेवलेले नाही. शिकलकऱ्याने ते दार शोधलेही नाही. हात कामात ठेवले. नामदेवाने त्रिलोचनाला दिलेले उत्तर त्याने वाचले होते की नाही, मला माहीत नाही.

या दोन अर्थांपैकी एक कायमचा काढून टाकावा, असा प्रयत्न झाला नाही असे नाही. भसौडच्या पंच खालसा दिवाणाने भक्तांची वाणी ग्रंथातून वगळावी, असा पुकारा केला. तसे झाले असते तर नामदेव, त्रिलोचन, कबीर, फरीद सारेच बाहेर जाते आणि पुष्कळसा गोंधळ मिटता. पंथाने १९२८ मध्ये त्या दिवाणाच्या प्रमुखांनाच, तेजासिंहांना, बाहेर काढले. मला या निर्णयाचे फार मोल वाटते. वाद मिटवण्यापेक्षा वाद घालणारे सारे आवाज जवळ ठेवणे पंथाने पसंत केले. १९४५ च्या मर्यादेतही शीख कोण याची व्याख्या आहे. तिच्यात एक अकाल पुरुष, दहा गुरू, ग्रंथसाहिब, गुरूंची शिकवण आणि अमृत यांवरची निष्ठा आहे. मेल्यावर नेमके काय होते, याची अट नाही. दोन्ही भाऊ त्या व्याख्येत बसतात.

आपण मराठी वाचक मात्र येथे दोन चुका करतो. एक तर म्हणतो, "त्यांचेही आपल्यासारखेच, पुनर्जन्म, कर्म, सारे तेच." नाही तर म्हणतो, "त्यांचे सगळे निराळे, आपल्याला काय करायचे?" दोन्ही वाक्ये ग्रंथ न उघडता म्हणता येतात, हीच त्यांची सोय. २०१५ मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले. आपण नामदेवांच्या नावाने पंजाबात मिरवून आलो, आणि ते योग्यच झाले. पण ती ६१ पदे आपल्या घरात 'नामदेवांची हिंदी पदे' म्हणून बाजूलाच पडून राहिली. तेथे रोज कुणी ना कुणी ती गातो, त्यांवरून भांडतो, मरताना त्यांबद्दल शेजाऱ्याला विचारतो. नरहर कुरुंदकर याच नांदेडचे. स्वतःला नास्तिक म्हणवून घेत, पण धर्मग्रंथ मानणाऱ्यांपेक्षा बारकाईने वाचत. मानायचे की नाही हे नंतर. वाचायचे आधी, एवढा धडा तरी आपण त्यांच्याकडून घ्यायला हवा होता. मी स्वतः घेतला नव्हता, म्हणून ग्यानीजींपुढे गप्प बसावे लागले.

त्यांच्या घरची गोष्ट अपुरी राहिली आहे. सहज पाठ सुरू झाला होता. भाऊ पाळीपाळीने वाचत, एकमेकांशी न बोलता. तो भारनियमनाचा काळ. चौथ्या संध्याकाळी धाकटा वाचत असताना वीज गेली. माताजी उठल्या, कोनाड्यातला तोच दिवा त्यांनी पेटवला आणि ग्रंथाजवळ आणून ठेवला. धाकटा क्षणभर थांबला, मग त्याच उजेडात वाचू लागला. थोरला दाराशी उभा होता, तो आत येऊन बसला.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी माताजींना विचारले, "तो दिवा कुणासाठी होता?" त्या म्हणाल्या, "मास्तरजी, गेलेल्याला उजेड लागतो की नाही, ते गेलेला जाणे. वाचणाऱ्याला तर लागतो." थोरला आजही म्हणतो, की तो दिवा बापूजींसाठी होता. धाकटा म्हणतो, पाठासाठी. माताजींनी कुणालाच खोटे पाडले नाही.

ग्यानीजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते एवढेच: आमचे नामदेव म्हणतात, मेल्यानंतरचे त्याच्याकडे असू दे, पण जे द्यायचे ते मला येथे, या लोकांच्या देखत दे. तुम्हाला हे आधीच ठाऊक होते, याची मला आता खात्री आहे. तुम्ही विचारत होता ते मला ठाऊक आहे की नाही, हे पाहायला.

या धनत्रयोदशीलाही दारात कणकेचा दिवा लागेल. नातू विचारील, "कुणासाठी?" आईचे उत्तर मी सांगेनच. मग दिवा थोडा आत घेऊन त्याला म्हणेन, बस जवळ, एक पद वाचून दाखवतो.